बारावं चित्र

एस्टोनियातल्या कुठल्याशा गावात
तीन वर्षं खपून केलेला एकाहत्तर मिनिटांचा सिनेमा
माझ्याकडे पेन ड्राइव्हमधून आला,
गोरेगावला, एका मंगळवारी.
सोबत संवादांची इंग्रजी यादी, जेमतेम अडीच पानं,
आणि महोत्सवाच्या बेहरोझचा निरोप :
बोलतात फार कमी, म्हणून पैसेही कमी.

गोष्ट एवढीच, की
लोकरीची एक बाई आहे, डोळ्यांच्या जागी बटणं.
नवरा बर्फात गेला तो आलेला नाही.
ती त्याचा कोट उसवते
आणि तो धागा मागे सोडत सोडत निघते.
बर्फ म्हणजे जाडं मीठ.
मी भांडुपची, मिठागरांच्या अंगाला वाढलेली,
मला पहिल्या दृश्यातच कळलं.

तिच्या अंगावरची लोकर सारखी थरथरते.
वारा असावा, असं आपल्याला वाटतं.
वारा नसतो.
दोन चित्रांच्या मध्ये कुणीतरी तिला धरलेलं असतं,
गुडघा केसभर वाकवून पुन्हा सोडलेलं असतं,
आणि ते हात आपण पाहू नयेत
एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

मी ते पाहते ते तुकड्यातुकड्यांनी.
ओळ कधी उमटावी, कधी पुसावी,
सेकंदाचे चोवीस भाग करून ठरवायचं.
बटण दाबलं की बाई एक चित्र पुढे,
दाबलं की एक मागे.
रात्री दीडला पंख्याखाली बसून
मीच तिला चालवते आहे, असं वाटायला लागतं.

बेचाळिसावं मिनिट, चौतिसावा सेकंद, बारावं चित्र :
कोपऱ्यात एक अंगठा.
चिकटपट्टी लावलेला, नखाशी लोकरीचं निळं कुसळ.
अकराव्यात नाही. तेराव्यात नाही.
काढायचा राहून गेला असेल,
किंवा दमला असेल माणूस,
किंवा त्याच वेळी कुणी जेवायला हाक मारली असेल.

तिथंच ती बाई एक शब्द बोलते.
यादीत लिहिलंय, वेट.
मी लिहिलं, 'वाट बघ.' खोडलं.
'जरा थांब.' खोडलं.
मग नुसतं 'थांब'.
आमच्याकडे गाडीही थांबते
आणि माणूस माणसासाठीही थांबतो,
एकाच क्रियापदात.

शेवटी एक फॉर्म भरायचा होता.
चित्रात काही दोष आढळला का?
मी लिहिलं, नाही.

प्रभादेवीच्या सभागृहात शनिवारी
सत्तर-ऐंशी माणसं, एसी नको तेवढा गार.
एकेचाळिसाव्या मिनिटापासून मी घड्याळ धरून बसले.
पडद्यावर माझा 'थांब' उमटला,
शेजारच्या काकांनी वेफर्सची पिशवी चुरगाळली
आणि नेमकी माझी पापणी लवली.
डोळे उघडले तर बाई पुढे गेलेली,
मीठ पायाखाली करकरत.

बाहेर पडताना कुणी म्हणालं,
वाटतच नाही हो हातानं केलंय.
मी काही बोलले नाही.

घरी आले, कणीक काढली,
सकाळची उरलेली, स्टीलच्या डब्यात.
गोळ्यावर माझी चार बोटं उमटलेली.
लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात
सासूबाईंनी बजावलं होतं :
कणीक नुसती गुळगुळीत ठेवू नये,
पिंड दिसतो. बोटं उमटवायची.
सतरा वर्षं उमटवते आहे, न बघता.

आज पोळ्या लाटायच्या आधी
त्या खळग्यांत बोटं पुन्हा ठेवून पाहिली.
करंगळी बसली. बाकीची थोडी चुकली.
मध्ये दहा-बारा तास गेले होते,
मी कुठेतरी किंचित सरकले असणार.